शौचाला रक्त पडले तर लपवू नका

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. पाय मुरगळला तर लंगडत का होईना, पण सांगतो. शौचाला रक्त पडले, तर मात्र तो घरातही बोलत नाही. बायामाणसे तर महिनोन् महिने सोसतात. ही लाज फार महाग पडते. म्हणून या धड्यात आम्ही या दुखण्याविषयी उघड बोलणार आहोत.

रक्त पडण्याची कारणे अनेक असतात. मूळव्याध हे एक. दुसरे म्हणजे जंतूंमुळे होणारी रक्ती आव. तिसरे म्हणजे मोठ्या आतड्याला पडणारे व्रण. या तिसऱ्या दुखण्याला डॉक्टर ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्याला ‘आतड्याचे व्रण’ म्हणू.

आतड्यात काय बिघडते?

आपण खाल्लेले अन्न जठरातून लहान आतड्यात जाते. हे आतडे सुमारे वीस फूट लांब असते. तिथे अन्नाचा रस अंगी लागतो. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात येतो. ते सुमारे पाच फूट लांब असते. तिथे चोथ्यातले पाणी शोषले जाते आणि मळ घट्ट होतो.

मोठ्या आतड्याला आतून मऊ, ओलसर अस्तर असते. या अस्तराला सूज आली आणि त्यावर व्रण पडले, की काम बिघडते. पाणी नीट शोषले जात नाही. रक्त आणि आव पडू लागते. पोटात मुरडा येतो. दिवसातून आठ-दहा वेळा धावावे लागते. रात्रीही उठावे लागते. माणूस वाळतो. अंगातले रक्त कमी होते. कोणाचे सांधे दुखतात, कोणाचे डोळे लाल होतात.

आव आणि व्रण यांत फरक काय?

वरून पाहिले तर दोन्ही सारखीच. पण आतून फार निराळी.

जंतूंची आव घाण पाण्यातून, माशा बसलेल्या अन्नातून आणि न धुतलेल्या हातांतून येते. तिचा एक जंतू जपानचे डॉक्टर कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधला. अमीबा नावाच्या सूक्ष्म जिवामुळेही आव होते. ही आव एकाची दुसऱ्याला लागते. योग्य औषध मिळाले, की बहुधा थोड्या दिवसांत बरी होते.

आतड्याचे व्रण लागट नाहीत. एका ताटात जेवले तरी ते दुसऱ्याला होत नाहीत. पण ते आठवड्यात जातही नाहीत. मध्येच बरे वाटते, पुन्हा उलटते. पुष्कळदा हे दुखणे ऐन उमेदीत, १५ ते ३० या वयात सुरू होते.

हे कशामुळे होते?

तुम्ही विचाराल, जंतू नाही, तर मग कारण काय? याचे पुरे उत्तर जगातल्या डॉक्टरांना अजून मिळालेले नाही. जे कळले आहे ते असे.

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी शक्ती असते. ती गावच्या राखणदारासारखी असते. एखादे वेळी राखणदार अंधारात घरच्याच माणसाला चोर समजतो आणि काठी चालवतो. या दुखण्यात तसेच होते. शरीराची शक्ती आपल्याच आतड्यावर उठते.

राखणदार असा का बिथरतो? काही घराण्यांत हे दुखणे जास्त दिसते. म्हणजे रक्ताच्या नात्याचा त्यात वाटा आहे. आतड्यात नेहमी राहणाऱ्या उपयोगी जंतूंचा मेळ बिघडणे, हेही एक कारण असावे. शहरी राहणी आणि बदललेले खाणेपिणे यांच्याकडेही डॉक्टर बोट दाखवतात.

करणी, देवीचा कोप, मागल्या जन्मीचे पाप, यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. काळजीने किंवा तिखटाने दुखणे वाढल्यासारखे वाटते, पण ते त्याचे मूळ नव्हे.

आपल्याकडे असे रोगी किती असतील? पंजाबात लुधियानाच्या भागात डॉक्टरांनी ५१,९१० माणसे पाहिली. त्यांत २३ जणांना हे दुखणे निघाले. ही माहिती २००३ साली छापून आली. म्हणजे सव्वादोन हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून वस्ती सव्वानऊ लाखांवर होती. तेच प्रमाण इथे धरले, तर चारशेच्या वर रोगी होतात. हा नुसता मास्तरी हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण हे दुखणे दूरच्या देशातले नाही, एवढे यातून समजते.

आपल्या भागाची अडचण

या तिन्ही ठिकाणांची आणि आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ माणसे लोकलने मुंबईकडे कामाला जातात. बदलापूरहून मुंबईला दीड तासाच्या आसपास लागतो. लोकलला संडास नसतो. ज्याला घडीघडीला कळ येते, त्याने काय करावे? तो सकाळी उपाशीच निघतो. पुढे दुपारचा डबाही टाळतो. शेवटी कामावर जाणेच सोडतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. खरे दुखणे कोणाला कळतच नाही. अशाने दुखण्याआधी संसार मोडतो. म्हणून घरात सांगा. कामावर मुकादमाला किंवा साहेबालाही सांगा.

तपासणी का करायची?

‘आव झाली, दुकानातून गोळी आणू’ असे आपण सहज म्हणतो. यात मोठा धोका आहे. व्रणांची सूज उतरवायला डॉक्टर कधी स्टिरॉइड नावाचे औषध देतात. तेच औषध अमीबाच्या आवेत घेतले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून आधी शौचाची आणि रक्ताची तपासणी करावी. मग जरूर पडली, तर डॉक्टर मागच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून आतडे पाहतात आणि अस्तराचा कणभर तुकडा तपासतात.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. पुढे मुंबईला भायखळ्याचे जे. जे. आणि परळचे के. ई. एम. ही मोठी रुग्णालये आहेत.

उपाय आणि काळजी

जंतूंची आव आपण टाळू शकतो. पाणी खळखळा उकळून, एक मिनिट तसेच उकळू देऊन, झाकून ठेवावे. पावसाळ्यात हे जास्त सांभाळावे. जुलै २०१९ मध्ये पूर आला, तेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. असे पाणी विहिरीत, बोअरिंगमध्ये आणि फुटक्या नळात शिरते. त्याबरोबर घाणही शिरते. वालधुनीच्या घाण पाण्याने आतड्याचे व्रण होतात, असे म्हणायला आधार नाही. पण घाण पाण्याने आव होते, हे पक्के. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

आतड्याचे व्रण होऊच नयेत, असा हमखास उपाय नाही. पण झालेले दुखणे ताब्यात ठेवता येते. स्वीडन देशातल्या नान्ना स्वार्ट्झ या बाई डॉक्टरांनी १९४० च्या सुमारास सल्फासॅलझिन हे औषध यावर वापरले. आता मेसालामाइन आणि इतर औषधेही आहेत. पुष्कळांचे दुखणे औषधांनी दबते. काहींना शेवटी शस्त्रक्रिया लागते.

इथेच बहुतेक जण फसतात. बरे वाटले, की गोळी बंद करतात. मग दुखणे दुप्पट जोराने उलटते. शेतात पीक उभे आहे तोवर कुंपण काढत नाहीत. तशीच ही गोळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नये.

अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काहींनी व्रण चिघळतात. दुखणे जोरात असताना मऊ भात, वरण, पेज असे हलके खावे. जे सोसत नाही ते टाळावे, पण उपाशी राहू नये. जुलाब फार झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. दुखणे आठ-दहा वर्षांचे जुने झाले, की दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करावी. कारण पुढे कर्करोगाची भीती असते. तो लवकर सापडला तर इलाज होतो.

या दुखण्याची मुलगी असो वा मुलगा, लग्न करता येते, मुलेबाळे होतात. बाईला दिवस गेले तर तिने औषध आपल्या मनाने थांबवू नये. डॉक्टरांना विचारावे.

एवढे लक्षात ठेवा

१. शौचाला रक्त पडले, तर दवाखान्यात दाखवा. लपवू नका.
२. तपासणीआधी दुकानातून औषध घेऊ नका.
३. पाणी उकळा, हात धुवा.
४. बरे वाटले तरी गोळी सोडू नका.
५. दिवसात सहा वेळांहून जास्त रक्त पडते, सोबत ताप आहे किंवा पोट फुगले आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उद्यावर टाकू नका.

हा धडा वाचून झाला, की ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. कदाचित तो कित्येक दिवस हेच दुखणे मनात दाबून बसला असेल.