कल्ल्यांवरून प्रकृती ओळखा

अ‍ॅक्सोलॉटल हा मेक्सिकोतील सोचिमिल्को सरोवराचा उभयचर जीव. बेडकाचे पिल्लू मोठे होताच कल्ले टाकून देते. हा मात्र डोक्यामागे दोन्ही बाजूंस तीन-तीन कल्ले पिसांप्रमाणे जन्मभर मिरवितो. त्याची प्रकृती त्यांवरूनच ओळखावी.

निरोगी कल्ल्यांचे तंतू दाट असतात. ते झडू लागल्यास पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्य हवे. कल्ले पुढे वळले, तर पाण्याचा झोत जोराचा आहे किंवा जीव व्याकुळ आहे असे समजावे. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे बहुधा बुरशी. स्वस्थ पडलेल्या पिल्लाचे कल्ले फिके दिसतात व हालचाल होताच लाली चढते. फिकेपणा टिकला तरच काळजी करावी. पिल्ले एकमेकांचे कल्ले चावतात, म्हणून ती वेगळी ठेवावीत. पाणी स्वच्छ असल्यास तुटलेला कल्ला पुन्हा वाढतो.

पलसाण्यात खरी कसोटी उन्हाळ्याची. या जीवाला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते; २४ अंशांपुढे ते बाधते. ऊन पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. वैशाखात आपल्या घरातले पाणी याहून कितीतरी ऊन असते. तेव्हा पाणी थंड राखणारे यंत्र घेण्याची ऐपत नसेल, तर मुलांच्या हट्टापायी हा जीव घरी आणू नये.

मेक्सिकोतच पात्सक्वारो येथील डोमिनिकन भगिनींनी त्याच्या आचोके नामक दुर्मीळ आप्ताला मठातील टाक्यांत जतन केले आहे. त्यामागे आहे ती रोजची देखरेख. आपणही रोज दोन मिनिटे कल्ले न्याहाळावेत.