परसातील कोंबड्यांचे रात्रीचे संरक्षण: खुराडे कसे असावे?

बंगळुरू महानगराचा विस्तार झपाट्याने होत असला, तरी हेसरघट्टा, आनेकल, कनकपुरा या परिसरातील गावांमध्ये परसातील कुक्कुटपालन आजही टिकून आहे. दहा-बारा कोंबड्या म्हणजे घरातील अंडी, सणावाराचे मटण आणि अडचणीच्या वेळी हाती येणारी रोकड. बहुधा घरातील स्त्रीच ही जबाबदारी सांभाळते. मात्र रात्री रानमांजर किंवा भटके कुत्रे खुराड्यात शिरले, तर अनेक महिन्यांची ही कमाई काही मिनिटांत नाहीशी होते.

जातीची निवड आणि तिची मर्यादा

भक्षकांचा प्रश्न बंगळुरूतील संशोधकांनाही परिचित आहे. येथील कृषी विज्ञान विद्यापीठाने परसातील पालनासाठी 'गिरिराज' ही जात विकसित केली. ती वर्षाला सुमारे १३० ते १५० अंडी देते. त्यानंतर २००५ मध्ये कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने 'स्वर्णधारा' ही जात प्रसारित केली. तिची वार्षिक अंडी १८० ते १९० पर्यंत जातात. शिवाय ती गिरिराजपेक्षा आकाराने लहान व वजनाने हलकी असल्याने रानमांजर, कोल्हा यांच्या तावडीतून निसटणे तिला सोपे जाते.

परंतु हा चपळपणा दिवसाच उपयोगी पडतो. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते. सूर्य मावळताच ती दांडीवर बसते आणि हल्ला झाला तरी सहसा जागेवरून हलत नाही. त्यामुळे रात्री तिचे रक्षण केवळ खुराडेच करू शकते.

एकाच रात्री सर्व कोंबड्या का मरतात?

भक्षकाची भूक एका कोंबडीने भागते. मग तो सगळ्याच कोंबड्या का मारतो, असा प्रश्न पालकांना पडतो. मोकळ्या रानात एक पक्षी पकडला गेला की उरलेले पळून जातात आणि शिकार तेथेच थांबते. बंद खुराड्यात त्यांना पळण्यास वाट नसते. त्यांच्या फडफडीने भक्षकाची हल्ल्याची प्रवृत्ती पुन्हा पुन्हा चाळवली जाते. म्हणूनच एखादी फट राहिलेले खुराडे झाडाच्या फांदीपेक्षाही अधिक धोक्याचे ठरते.

शत्रू अनेक, वाटाही अनेक

कुत्री दार ढकलतात, पातळ जाळी फाडतात आणि भिंतीच्या बुडाशी माती उकरतात. उदमांजर छपरावर चढून कौलांमधील फट शोधते. रानमांजर संध्याकाळी व पहाटे फिरते. मुंगूस, घार आणि शिक्रा हे प्रामुख्याने दिवसाचे शत्रू आहेत व त्यांचा रोख पिलांवर अधिक असतो. धामण आणि नाग अंडी व लहान पिले गिळतात. साप येण्याचे आणखी एक कारण म्हणजे सांडलेले धान्य. धान्याला उंदीर व घुशी येतात आणि त्यांच्या मागावर साप येतो. म्हणून रात्री खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे, हाही संरक्षणाचाच भाग आहे.

बांधणी कशी असावी?

बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते. भक्षकाला बाहेर ठेवू शकत नाही. त्याऐवजी अर्धा इंच चौकोनांची, सांधे जोडलेली जस्तलेपित जाळी वापरावी. ती लाकडी चौकटीवर पट्टी व स्क्रूने आवळावी, कारण नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली जाळी जोर लावल्यास निघते. हवा खेळती राहण्यासाठी झरोके आवश्यक आहेत, पण त्यांनाही हीच जाळी लावावी. छप्पर आणि भिंत यांच्यामधील फट हमखास विसरली जाते, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

जमीन हा दुसरा कच्चा दुवा. उकरणारा प्राणी भिंतीला अगदी लागूनच उकरण्यास सुरुवात करतो. त्यामुळे भिंतीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूस सुमारे दीड फूट रुंदीची जाळी आडवी अंथरून तिच्यावर माती किंवा दगड टाकल्यास त्याचे पंजे जाळीवरच अडतात. बंगळुरूच्या आसपास ग्रॅनाइटच्या फरश्या सहज मिळतात. त्यांची तळजमीन घुशींनाही पोखरता येत नाही. दुसरा पर्याय म्हणजे खुराडे दोन-तीन फूट उंच खांबांवर उभारणे.

दाराला नुसता आकडा पुरेसा नाही. कडी घालून तिच्यात खीळ अडकवावी. दार चौकटीत घट्ट बसले पाहिजे आणि ते वेळेवर लागले पाहिजे. बंगळुरूमध्ये नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तर जुलैच्या प्रारंभी पावणेसातनंतर. म्हणून घड्याळापेक्षा उजेड पाहून दार लावावे. लावण्यापूर्वी कोंबड्या मोजाव्यात आणि आत साप नाही याची खात्री करावी.

लहान पिलांना दिवसाही डालग्याखाली किंवा वरून जाळी टाकलेल्या आवारात ठेवणे हिताचे असते.

न दिसणारा शत्रू

जाळीमुळे कावळे, चिमण्या व अन्य रानपक्षी खाद्य-पाण्यापासून दूर राहतात, हा तिचा आणखी एक लाभ. भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे नोंदवला गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेतही हा रोग आढळला व तेथील पक्षी नष्ट करावे लागले. जाळी हा रोगावरील संपूर्ण उपाय नव्हे. परंतु संसर्गाची एक वाट ती निश्चितच अरुंद करते.

सापळा किंवा विष नको

नुकसान झाल्यावर विष घालण्याचा किंवा फास लावण्याचा मोह होतो. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, नाग, धामण आणि बिबट्या या सर्वांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. शिवाय एक भक्षक मारला, तरी फट तशीच राहिल्यास त्याची जागा दुसरा घेतो.

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांमध्ये बिबट्याचाही वावर असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या कुडलू भागात शिरलेला बिबट्या त्याला पकडण्याच्या मोहिमेत मरण पावला. साधी जाळी बिबट्याला रोखण्यास पुरेशी नसते. अशा भागात खुराडे घराच्या भिंतीला लागून, पक्क्या बांधणीचे असावे आणि कोंबड्यांचे टाकाऊ अवशेष उघड्यावर फेकू नयेत. बिबट्या दिसल्यास वन विभागास कळवावे.

खुराडे बांधून झाल्यावर एक सोपी परीक्षा घेता येते. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहावे. जाळीच्या छिद्रांखेरीज जेथून प्रकाश बाहेर येईल, ती फट भक्षकालाही सापडू शकते. ती त्याच दिवशी बुजवावी आणि दर पावसाळ्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी.