वस्तीवर नवे कुत्रे आणताना



मळ्यात वस्ती म्हटली की दारात कुत्रे आलेच. रात्री उसाला पाणी द्यायला निघालो की ते पुढे चालते, गोठ्यापाशी कोणी आले तर सांगते, रानडुक्कर फडात शिरले तर ओरडून वस्ती जागी करते. पण हे कुत्रे आपण आणतो कसे? तोडणी चालू असताना बांधावर पिल्ले सापडतात, पोरे त्यातले एक उचलून घरी आणतात आणि उरल्यासुरल्या भाकरीवर ते वाढते. बैल लंगडला तर आपण लगेच डॉक्टरांना बोलावतो. कुत्र्यालाही लस लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. म्हणून या अंकात त्याविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

पिल्लू आणल्यावर

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. लहान असेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे. नुसत्या दूध-भाकरीवर अंग धरत नाही. शिजवलेली डाळ, अंडे, जमेल तसे शिजवलेले मटण द्यावे. गाईच्या दुधाने हगवण लागली तर दूध बंद करावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांचे टोकदार तुकडे पोटात रुततात. कांदा, लसूण, बेदाणे कुत्र्याला बाधतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. तेव्हा उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधू नये. सावली आणि भरलेले भांडे हवे.

जंत

पिल्लाच्या पोटात जंत बहुधा आईकडूनच येतात. पोट नगाऱ्यासारखे, अंगावर मांस नाही, हिरड्या पांढुरक्या, हे जंताचे लक्षण. जंताचे औषध वजनावर असते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्यावे. सहा महिन्यांचे होईपर्यंत ते वरचेवर लागते, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जत्रेत बोकड कापला की कच्ची आतडी, फुफ्फुस, काळीज आपण कुत्र्यापुढे टाकतो. त्यातून एक बारीक जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर काळजात नाहीतर फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. तेव्हा असले कच्चे टाकू नये, पुरून टाकावे. कुत्र्याला हात लावल्यावर पोरांना हात धुवायची सवय लावावी.

लस

सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस टोचावी. ती रक्ताची हगवण व उलट्यांचा पार्व्हो रोग, डिस्टेंपर वगैरेंवर असते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. पार्व्होने पिल्लू दगावले तर त्याच जागी लगेच दुसरे आणू नये. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो रोगाची लसही विचारून घ्यावी. उसात उंदीर किती, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याच्या रोगाची म्हणजे रेबीजची लस टोचावी, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी. "आमचं कुत्रं कुठं बाहेर जात नाही" असे म्हणू नये. रात्री उसात कोल्हा नाहीतर मुंगूस त्याला चावले, तर ते आपल्याला कळतही नाही.

गोचीड व विषबाधा

गोचीड चिमट्याने ओढून काढावी, बोटाने चिरडू नये. गोचिडीमुळे ताप येतो, खाणे सुटते, कधी नाकातून रक्त येते. पिकावर मारायचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळू नये. ते अंग चाटते आणि मरते. उंदराचे विष व सरीत टाकायचे दाणेदार औषध कुलपात ठेवावे. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नयेत.

कुत्रे चावले तर

हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावे. "एवढंसं पिल्लू, त्याला दात तरी कुठं आलेत" म्हणून ओरखडा सोडून देतात. पिल्लालाही रेबीज होतो. रोग एकदा अंगात उठला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र वाचतो.

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये. त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात २००४ सालीच बंद झाले. आता पद्धतीप्रमाणे चार किंवा पाच खेपांना दंडात टोचतात. रक्त निघाले असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते, ते मागून घ्यावे. कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नये. आणि एकही खेप चुकवू नये, मग तोड आलेली असो की लग्न.

पिसाळलेले कुत्रे अंगावर धावतेच असे नाही. कधी ते अंधाऱ्या कोपऱ्यात गप बसते, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले समजून आपण तोंडात हात घालतो आणि फसतो. असे दिसले की लांब राहावे व जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. पोरांनाही बजावावे, की ओरखडा लपवू नका, कोणी रागावणार नाही.

उसाची लागण कधी केली हे आपण वहीत लिहून ठेवतो. त्याच वहीत एक पान कुत्र्याच्या लसीच्या तारखांना द्यावे, एवढीच आमची विनंती.