भरतीचे पाणी आणि शहाणा रोबो

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कला लागून वसईची खाडी आहे. दिवसातून साधारण दोन वेळा भरती येते, दोन वेळा ओहोटी लागते. समजा, तेथे आपण एका रोबोला आज्ञा दिली, 'वीस पावले चाल आणि थांब.' ओहोटीच्या वेळी तो कोरडा राहील. भरतीला कदाचित पाण्यात जाईल. आज्ञा तंतोतंत पाळूनही काम फसेल. 'पाणी लागेपर्यंत चाल, लागताच मागे फीर' ही आज्ञा मात्र दोन्ही वेळी उपयोगी पडेल.

एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. तो विमा कंपनीच्या वतीने, परिस्थिती पाहून काम करतो. संगणकशास्त्रातला 'इंटेलिजंट एजंट'ही तसाच असतो. तो परिसर जाणतो, उद्दिष्टानुसार निर्णय घेतो आणि कृती करतो.

हे वर्गात यंत्राशिवाय शिकवता येते. जमिनीवर खडूने वळणावळणाची रेघ काढावी. डोळे बांधलेला विद्यार्थी म्हणजे रोबो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन मित्र म्हणजे संवेदक. आपल्या पायाखाली रेघ आली तरच त्यांनी 'रेघ' म्हणावे. फळ्यावर नियम लिहावेत: डावा बोलला तर डावीकडे वळ, उजवा बोलला तर उजवीकडे, दोघे गप्प असतील तर सरळ चाल.

तीव्र वळणावर रोबो रेघ सोडतो. दोघेही गप्प, म्हणून तो सरळ चालतच राहतो. मुले हसतात, पण खरा धडा येथेच आहे. रेघ दोघांच्या मधोमध असतानाही ते गप्पच होते. परिस्थिती दोन, पण रोबोला त्या एकच भासतात!

उपाय मुलांनाच शोधू द्यावा. मध्ये तिसरा संवेदक हवा. तिघेही गप्प झाले तर रेघ सुटली हे नक्की. आता शेवटी कोण बोलले होते हे आठवून त्याच बाजूला वळावे. येथे जाणिवेला स्मृतीची जोड मिळते. खऱ्या रोबोत काळी पट्टी अवरक्त किरण कमी परावर्तित करते, यावरून संवेदक ती ओळखतात. नियम हेच राहतात.

ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे बनवलेली यांत्रिक कासवे प्रकाश आणि स्पर्श एवढ्याच जाणिवांवर खोलीभर फिरत.

म्हणून रोबो चुकला की 'यंत्र बिघडले' म्हणून थांबू नये. त्याला काय जाणवले, कोणता नियम लागू झाला आणि त्याच्या लक्षात काय राहिले नाही, हे तीन प्रश्न मुलांना विचारण्याची सवय आपण लावू या. आजच्या मोठमोठ्या संगणकीय प्रणालींनाही हेच प्रश्न विचारावे लागतात.