तलफ येण्याआधीची तयारी

तलफ म्हणजे काय

दारू सोडल्यानंतरही पिण्याची जी तीव्र ओढ अचानक उठते, ती तलफ. निर्धार कच्चा असल्याचे ते लक्षण नव्हे. वर्षानुवर्षांच्या पिण्यातून मेंदूने काही खुणांची दारूशी गाठ घातलेली असते आणि खूण समोर आली की ही गाठ ओढली जाते. पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्याला नुसत्या इशाऱ्याने लाळ सुटे, त्याच जातीची ही क्रिया आहे. म्हणून मनापासून दारू सोडलेल्या माणसालाही तलफ येतेच. सुरुवातीच्या आठवड्यांत ती वारंवार येते. पुढे अंतर वाढते, पण एखादी जुनी खूण कित्येक महिन्यांनीही तिला जागे करू शकते.

आधी शरीर

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, भान हरपते. हा प्रसंग जिवावरचा असतो. त्यामुळे हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. पुढची सारी तयारी त्यानंतरची.

लाट

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी तलफेला लाट म्हटले. ती चढते, शिखर गाठते आणि ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. पिणाऱ्याला हे ओसरणे माहीतच नसते, कारण आजवरची प्रत्येक लाट त्याने चढत असतानाच ग्लास उचलून संपवलेली असते. म्हणून त्या घटकेला प्रश्न जन्मभराचा नसतो, अर्ध्या तासाचा असतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांत ‘फक्त आजचा दिवस’ यावर जो भर असतो, तोही असाच मुदत लहान करण्याचा. मात्र शिखरावर विचार पांगळा होतो. ‘एकच पेग’, ‘आजच्या दिवस फक्त’ ही वाक्ये तेव्हा अगदी खरी वाटतात. काय करायचे ते शांत वेळी, आधीच ठरलेले लागते.

असोद्याची हिवाळी संध्याकाळ

जळगावलगतचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर, आणि भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेले गाव. थंडी पडली की या भागात शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, हिरवी मिरची आणि लसूण ठेचतात, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते, सोबत कळण्याच्या पुऱ्या असतात. यात दारूची काहीच गरज नाही. पण ज्याने दहा हिवाळे याच जाळाशेजारी बाटली उघडली, त्याच्या मेंदूत पऱ्हाट्यांचा धूर हीच खूण होऊन बसलेली असते. धूर नाकात शिरताच तोंड कोरडे पडते, आणि ते का, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

पहिल्या हिवाळ्यात अशा ठिकाणी न जाणे हाच सर्वांत भक्कम उपाय. नातेवाइकाचा आग्रह मोडवत नसेल, तर जाण्याआधी घरी थोडे खाऊन घेणे, वांगी सोलण्याचे-ठेचण्याचे काम अंगावर घेणे, हातात ताकाचा ग्लास भरलेलाच ठेवणे, परतीसाठी स्वतःची गाडी नेणे असा बेत आखता येतो. भरलेल्या ग्लासाचे महत्त्व वरवर दिसते त्याहून मोठे आहे: रिकाम्या हाताच्या माणसालाच ‘घे रे थोडी’ म्हटले जाते. नकाराचे वाक्यही पाठ असावे, आणि छोटे: ‘मी सोडली आहे.’ कारणे देत बसले की समोरचा एकेक कारण खोडत जातो. लग्नसराईत आणि पोळ्याच्या संध्याकाळीही हाच बेत कामी येतो.

आतल्या खुणा

सगळ्याच खुणा बाहेर नसतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ सहज डोके वर काढते. पिण्याच्या नेहमीच्या वेळेआधी जेवण उरकणे हा साधा, पण उपयोगी बदल. खिशात एक कागद असावा: वर दोन-तीन माणसांचे फोन नंबर, खाली दारू सोडण्याची स्वतःच्या अक्षरात लिहिलेली कारणे. रात्री कोणीच फोन उचलला नाही, तर १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

घरची माणसे

डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने उपचारात कुटुंबाला सामील करून घेतले. तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. याला कारण आहे. रुग्ण केंद्रातून जेथे परततो, त्या घरात खुणा आणि आधार दोन्ही असतात. घरातली बाटली आधीच काढून टाकणे हे घरच्यांचे काम. रोज तोंडाचा वास घेणे, जुना हिशेब काढणे यातून मात्र राग आणि एकटेपणाच वाढतो.

औषधे

नाल्ट्रेक्झोन पिण्यातून मिळणारा आनंद आणि ओढ कमी करते. अकॅम्प्रोसेटचा उपयोग सोडलेली दारू सुटलेलीच राहावी यासाठी होतो. डायसल्फिराम मुळात तलफ घालवत नाही. ते घेतलेले असताना दारू प्यायल्यास मळमळ, धडधड, घुसमट होते. त्या भीतीने हात थांबतो. हे औषध रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळण्याची खोड काही घरांत असते. ती जीवघेणी ठरू शकते. कोणते औषध कोणाला चालेल, हे यकृताची तपासणी करून डॉक्टरच ठरवतात.

घसरण

तयारी असूनही कधी ग्लास उचलला जातो. मार्लॅट यांच्या मते त्या एका ग्लासाहून घातक असतो त्यानंतरचा विचार: ‘गेलेच सगळे, आता काय उरले.’ या विचारातूनच दुसरा ग्लास आणि मग पूर्वीचे पिणे सुरू होते. म्हणून घसरणीनंतर काय करायचे तेही आधीच ठरवून ठेवावे लागते: तेथून उठणे, फोन करणे, आणि दुसऱ्या सकाळी कुठे, कोणासोबत, किती वाजता, पोट रिकामे होते का, हे खिशातल्या कागदाच्या पाठीमागे लिहून काढणे.