पुरानंतर विम्याचा दावा

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस पहाटे नागपुरावर अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. १८७० सालीं बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीनें पात्र सोडलें, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत लोक झोपेंत असतांनाच तळमजल्यांत पाणी शिरलें. पाणी ओसरल्यावर मागें राहिला तो चिखल, भिजून फुगलेलें लाकूडसामान आणि अंगणांत निश्चल उभ्या असलेल्या मोटारी. सरकारनें पूरग्रस्त कुटुंबांस प्रत्येकी दहा हजार रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. परंतु साहाय्य ही एक गोष्ट आणि भरपाई ही दुसरी. साहाय्य सरकारच्या विवेकावर अवलंबून असतें. विम्याची भरपाई हा करारानें मिळालेला हक्क होय. मात्र हा हक्क शाबीत करावा लागतो, आणि तो शाबीत करण्याचीं साधनें बहुधा पहिल्याच दिवशीं चिखलाबरोबर धुतलीं जातात.

विमा हा नफ्याचा व्यवहार नव्हे. हानि होण्यापूर्वीं जी स्थिति होती, ती कराराच्या मर्यादेंत पुन्हां आणून देणें एवढाच त्याचा हेतु आहे. म्हणून दाव्यांत तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात: गेलेल्या वस्तूचा विमा होता काय? ती ज्या कारणानें गेली तें कारण करारांत बसतें काय? आणि नुकसान नेमकें किती झालें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर विमापत्रांत असतें, आणि तें संकट येण्यापूर्वींच वाचलेलें बरें. मोटारीच्या बाबतींत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केलेला विमा हा तिऱ्हाइताच्या हानीपुरता असतो. त्यास व्यवहारांत ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. तेवढाच विमा असेल तर पुरांत बुडालेल्या स्वतःच्या गाडीबद्दल एक पैसाही मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीचा विमा निराळा उतरविलेला असला पाहिजे. त्यांत पूर, वादळ, आग व चोरी यांचा समावेश असतो. घरासाठीं १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नांवाची एकसारख्या अटींची पॉलिसी सर्व कंपन्यांनीं ठेवावी असा नियम झाला. इमारत व घरसामान या दोहोंचा विमा घेतल्यास सामानास इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के, परंतु जास्तींत जास्त दहा लाख रुपये, इतकें संरक्षण आपोआप मिळतें. दागदागिन्यांसाठीं मात्र वेगळी तजवीज करावी लागते. भाडेकरूसही केवळ आपल्या सामानाचा विमा उतरवितां येतो. कर्ज काढून घर घेतलेल्यानें बँकेमार्फत उतरविलेला विमा इमारतीपुरताच आहे कीं सामानाचाही आहे, हें पाहून ठेवावें.

दुसरा प्रश्न कारणाचा, आणि येथेंच मोटारवाल्यांची सर्वांत मोठी चूक होते. पाणी ओसरतांच गाडी चालू होते कीं नाहीं हें पाहण्याचा मोह कोणासही होतो. पण तो कटाक्षानें टाळावा. इंजिनाच्या नळकांड्यांत हवेऐवजीं पाणी शिरलेलें असतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. त्यामुळें गाडी चालू करतांच आंतील लोखंडी दांडा वांकतो आणि जें काम सफाईनें भागलें असतें त्याच्या ठिकाणीं सबंध इंजिन बदलण्याची पाळी येते. मग ही हानि पुरानें झालेली नसून मालकाच्या कृतीनें झाली, असें कंपनी म्हणूं शकते. इंजिनाच्या संरक्षणाचें जादा कलम घेतलेलें नसेल, तर हा वाद बहुधा मालकाच्या अंगावर येतो. म्हणून किल्लीस हात न लावतां कंपनीस कळवावें आणि गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. घरांत शिरण्यापूर्वीं विजेचा मुख्य खटका बंद आहे याची खात्री करावी, आणि झाडू हातीं घेण्यापूर्वीं छायाचित्रें काढावीं. भिंतीवर पाण्यानें सोडलेली रेघ हा पाणी किती चढलें याचा बोलका साक्षीदार असतो. ती प्रत्येक खोलींत टिपावी. शीतकपाट, धुलाईयंत्र, दूरचित्रवाणी संच यांवरील कंपनीचें नांव व अनुक्रमांक स्पष्ट दिसतील असे फोटो घ्यावे. निकामी झालेल्या वस्तु तपासणीपर्यंत टाकून देऊं नयेत. अंगणांत वा गच्चीवर एकीकडे रचून ठेवाव्या. याचा अर्थ घर चिखलांतच राहूं द्यावें असा मात्र नव्हे. विमा नसता तर मनुष्यानें जी काळजी घेतली असती तीच विमेदारानेंही घ्यावी, असा नियम आहे. आधीं नोंद व मग सफाई, एवढाच क्रम पाळावा. खरेदीच्या पावत्या वाहून गेल्या असतील तर बँकेचा खातेउतारा, दुकानदाराकडील नोंद किंवा जुन्या समारंभाच्या फोटोंत दिसणारी वस्तु, हींही पुराव्यास उपयोगीं पडतात. महसूल खात्याच्या पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी. चोरी झाली असल्यास पोलिसांत फिर्याद अवश्य द्यावी.

कंपनीस कळवितांच दाव्याचा क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवावा. मोठ्या नुकसानीच्या पाहणीसाठीं परवानाधारक सर्व्हेअर येतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ सालच्या नियमांनुसार दावा कळविल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमला जावा, पंधरा दिवसांत त्यानें अहवाल द्यावा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीनें निर्णय करावा, अशी मुदत आहे. त्याच्यापुढें जें गेलें तेंच सांगावें. एक खोटी वस्तु यादींत घुसडली तर दहा खऱ्या वस्तूंवरील विश्वास उडतो, आणि सबंध दावाही बुडूं शकतो.

हातीं येणारी रक्कम पुष्कळदां अपेक्षेहून कमी भरते, याचें कारण नेहमींच अन्याय नसतो. मोटारीच्या रबरी व प्लॅस्टिकच्या भागांवर आणि बॅटरीवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. दहा हजारांची नवी बॅटरी बसविली तर पांच हजारच हिशेबांत येतात. घसारा न कापण्याचें जादा कलम घेतलें असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीचा खर्च विमापत्रांत ठरलेल्या गाडीच्या किंमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण बाद धरली जाते.

हिशेब पटला नाहीं तर ‘संपूर्ण व अंतिम’ अशा शब्दांच्या कागदावर घाईनें सही करूं नये. नकाराचीं कारणें लेखी मागावीं आणि प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरांत दाद लागली नाहीं, किंवा उत्तर समाधानकारक नसलें, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. नागपूरकरांसाठीं हें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी नाहीं, वकीलही लागत नाहीं. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आंत तक्रार गेली पाहिजे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. तेथें मुदत दोन वर्षांची आहे.

हें सर्व संकटानंतरचें झालें. खरी तयारी मृगाच्या आधींची. दरवर्षी पावसाळ्यापूर्वीं घरांतील प्रत्येक खोलीचे व वस्तूंचे फोटो काढून त्यांची एक प्रत परगांवच्या आप्ताकडे धाडावी, विमापत्र वरच्या फळीवर ठेवावें आणि हप्त्याची तारीख चुकवूं नये. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणें हप्ता हातीं आल्याखेरीज कंपनीस जोखीम पत्करतां येत नाहीं. तलाव भरून वाहूं लागल्यावर धांवपळ करून घराचा विमा उतरवितां येत नसतो.