खुणेचा रस्ता

‘रस्ता चुकणे’ ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते. चुकलो तर चुकलो, मोबाईल काढायचा, नाहीतर टपरीवाल्याला विचारायचं. पण ज्या रस्त्याने तीस वर्षं रोज दूध आणलं, त्याच रस्त्यावर उभं राहून एखाद्या आजोबांना डावीकडे वळायचं की उजवीकडे हेच कळेनासं झालं तर? आपल्याकडे लोक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. घरचे घाबरतात, दाराला कडी लावतात आणि आजोबांचं एकट्याने बाहेर जाणं कायमचं बंद होतं.

पण मित्रांनो, हा वयाचा दोष नव्हे, आजार आहे. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातहून जास्त जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं.

मुळात रस्ता लक्षात कसा राहतो? जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाने १९७१ साली उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात गंमतशीर पेशी दाखवल्या. उंदीर एका ठराविक जागी आला की एक ठराविक पेशी काम करू लागते. पुढे २००५ मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्याच भागात, जागेवर जणू जाळी आखून अंतर मोजणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. थोडक्यात काय, डोक्यात खरोखरच एक नकाशा असतो आणि अल्झायमरमध्ये नेमके हेच भाग सुरुवातीला बिघडतात. म्हणून रस्ता चुकणे हे या आजाराचं अगदी पहिल्या काही लक्षणांपैकी एक असू शकतं.

मग हा नकाशा पुसट झालेला माणूस बाहेर पडतो कसा? इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठात एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल यांनी हाच प्रश्न घेतला. विशेष म्हणजे या संशोधनाला पैसे दिले ते तिथल्या इंजिनिअरिंग आणि भौतिक विज्ञानाच्या संशोधन परिषदेने! त्यांनी डिमेन्शिया असलेल्या आणि नसलेल्या वृद्धांशी गप्पा मारल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्याच गल्ल्यांतून चालून पाहिलं. २००६ साली त्याचं पुस्तकही निघालं.

त्यांना दिसलं ते असं. आजार असूनही बरेच जण दुकानात, टपालपेटीपर्यंत, बागेत एकटे जात होते. नकाशा वापरून नव्हे, तर एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत. आपल्या भाषेत सांगायचं तर, थिअरीच्या पेपरात उत्तर आठवावं लागतं, ऑब्जेक्टिव्हमध्ये समोर दिसलेलं फक्त ओळखायचं असतं. आठवणं गेलं तरी ओळखणं बराच काळ शिल्लक राहतं. रस्ता डिझाइन करायचा तो या शिलकीवर.

म्हणजे काय करायचं? गल्ल्या लहान आणि किंचित वळणदार असाव्यात. शेवट न दिसणारा लांबलचक सरळ रस्ता गोंधळात पाडतो. चार बाजूंना फुटणाऱ्या चौकापेक्षा टी आकाराचं वळण सोपं, कारण पर्याय कमी आणि समोर बघायला काहीतरी असतं. वस्तू जे काम करते तशीच दिसली पाहिजे. तिथली जुनी लाल टेलिफोनची खोकी वृद्धांना लगेच ओळखू यायची, पण काचेचे नव्या फॅशनचे बसस्टॉप हे बसस्टॉप आहेत हेच कळायचं नाही. साधारण १०० ते १२५ मीटरवर पाठ टेकायला जागा असलेला बाक हवा. फरशी एका रंगाची आणि न चमकणारी हवी, कारण गडद पट्टा काहींना खड्डा वाटतो. पाट्या थोड्याच, पण फिक्या रंगावर मोठ्या गडद अक्षरांच्या.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे ‘वेफाइंडिंग’ला मराठी शब्द काही सुचेना. मेसच्या मावशींना विचारलं, तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “खुणेनं जायचं, एवढंच की!” खरंच, आपले पत्ते आजही खुणेचेच असतात. देवळावरून डावीकडे, गिरणीच्या समोर, पारिजातक असलेलं घर. पुण्यात तर सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती अशी प्रत्येक मारुतीला वेगळी ओळख आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही.

पण आपण इंजिनिअर लोक हे सगळं एका फटक्यात सपाट करतो. जुन्या सोसायटीच्या जागी एकसारखे तीन टॉवर उभे राहतात, ए, बी आणि सी. रंग तोच, गेट तेच, लिफ्टही तीच. आपल्याच हॉस्टेलमध्ये फर्स्ट इयरची मुलं चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्या कुलपाशी झटापट करतात. ती अठरा वर्षांची असतात. ऐंशी वर्षांच्या आजींचं काय होत असेल?

चांगल्या डिझाइनने आजार बरा होत नाही आणि पुढच्या टप्प्यात सोबत लागतेच. पण त्याआधीची वर्षं महत्त्वाची आहेत. त्या वर्षांत स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन कोथिंबिरीची जुडी आणणं, ही त्या माणसाच्या दृष्टीने छोटी गोष्ट नाही.

खर्चही फार नाही. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशाला वेगळा रंग द्या. कोपऱ्यावरचं जुनं झाड, पार, टपालपेटी वाचवा. बदल करायचाच असेल तर सगळा एकदम न करता थोडा थोडा करा. सिव्हिलवाल्यांनी पुढच्या सर्व्हेला जाताना लेव्हल आणि स्टाफबरोबर एक वहीही न्यावी. प्रत्येक वळणावर थांबून तिथल्या एखाद्या आजींना विचारावं, “तुम्ही इथून कशाच्या खुणेने वळता?” त्या जे सांगतील ते ड्रॉइंगवर मार्क करावं. मग खोडरबर जरा जपून चालेल.